आई मागच्या सीटवर

मोटारसायकल मी सेकंडहँड घेतली, आणि घेतली तीही माझ्या वयाला न शोभणारी. दोन हजार सात-आठचा सुमार असेल. पुढे काच, प्लास्टिकची फेअरिंग, सव्वादोनशे सीसीचं इंजिन, म्हणजे लांबच्या रस्त्यांसाठीच बनवलेली गाडी. मी चाळिशीला टेकलेला, दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. घरापासून गोडाऊन जेमतेम अडीच किलोमीटर. एवढ्यासाठी कोणी असली गाडी घेत नाही, हे आमच्या वळ गावातल्या प्रत्येकाने मला एकदा तरी ऐकवलं. मी सांगायचो, गोव्याला जायचंय. गोव्याला मी आजतागायत गेलेलो नाही.

पण गाडी मला मनापासून आवडायची. टाकीवर आधीच्या मालकाच्या पडण्याचा ओरखडा होता, तोसुद्धा आवडायचा. रविवारी ती ओट्यासमोर उभी करून मी तासभर पुसत बसायचो. बायको म्हणायची, "मना कधी एवरा निरखून बगितला न्हाय." ती एकदाच मागे बसली. मागची सीट उंच आणि पुढे उतरती; पाचवारी नेसून एका बाजूला बसलेली बाई तिच्यावर टिकतच नाही. त्यात आधीच्या मालकाने साडी गार्डही काढून टाकला होता, शोभत नाही म्हणून. अंजूरफाट्यावर ती उतरली आणि रिक्षा करून घरी आली. मी तिच्या रिक्षामागून मुकाट्याने आलो.

त्या वर्षी दिवाळीनंतर पेणच्या पलीकडून फोन आला. आईची थोरली बहीण तिथल्या खाडीकाठच्या गावात दिलेली. मावशीच्या सुनेने सांगितलं की म्हातारीने अंथरूण धरलंय, डॉक्टर काही बोलत नाहीत. मग म्हणाली, "रोज इचारतात, भैन आली काय."

आई अकरा वर्षं तिकडे गेली नव्हती. कारण ऐकून कोणालाही हसू येईल. तिला गाडी लागायची. एसटी असो, जीप असो, दार लागलं आणि डिझेलचा वास आला की पाच मिनिटांत ओकाऱ्या सुरू. शेवटची गेली ती मावशीच्या धाकट्या मुलाच्या लग्नाला, आणि तिकडे लग्न लागत असताना ही पनवेलच्या दवाखान्यात सलाईनवर. पुढे मावशीच यायची, पाय चालत होते तोवर. मग तेही थांबलं. दरम्यान आमच्या जमिनीवर गोडाऊनं उभी राहिली आणि मावशीच्या मनात काहीतरी बसलं. बहीण गोडाऊनवाली झाली, आता कशाला इकडे येईल, असं ती बोलल्याचं आईच्या कानावर आलं. आई दोन दिवस धड जेवली नाही.

फोननंतर मी जीप ठरवायला निघालो. आई ओट्यावर बसून गाडीकडे बघत होती.

"ह्या गारीवर नेशील काय मना?"

मी उडालोच. सत्तरीतली बाई, ऐंशी-एक किलोमीटर अंतर, सगळा कंटेनरांचा रस्ता.

"वारा लागला म्हंजे मना काय व्हत न्हाय," ती म्हणाली. "जीपनं नेलास तर माजा मयतच घेऊन जाशील तिकरं."

मग माझ्या अंगात आलं. आईला एका बाजूला बसवायचं तर साडी गार्ड हवा, पायांखाली फळी हवी, धरायला दांडा हवा. दापोड्याला ट्रकच्या बॉड्या बांधणारा एक वेल्डर ओळखीचा होता. आईला बसायचंय म्हटल्यावर तो भलताच खूश झाला. "माताजी के लिए ऐसा बनाऊँगा, ट्रक उलट जाएगा पर ये नहीं टूटेगा." त्याने शब्द पाळला. ट्रकला लावतात तसले जाडजूड अँगल, त्यावर पत्रा. माझी देखणी गाडी सिलिंडर पोचवणाऱ्याच्या गाडीसारखी दिसायला लागली. त्यात दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत मावशीच्या सुनेचा आणखी एक फोन येऊन गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई बाहेर आली. लुगडं कासोटा घालून गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं, पदर कमरेला खोचलेला. जन्मभर भातशेतात आणि खाडीत ती अशीच उतरली होती. तिने त्या लोखंडाकडे पाहिलं.

"ह्या काय लावलंस?"

"तुला बसायला."

ती ओट्याच्या कडेला आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सरळ टांग टाकून दोन्हीकडे पाय सोडून बसली. "मी काय पाचवारी नेसतंय काय रं? ह्याच्यापायी दोन दिस घालवलंस?"

चाळीस वर्षं मी तिला लुगड्यातच बघत आलो होतो. पण बाई मागे बसते ती एका बाजूलाच, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की समोरची आई मला दिसलीच नव्हती. मला फार लाज वाटली.

खारेगाव, मुंब्रा, शिळफाटा. दर थांब्याला मी मान वळवून विचारायचो, बरं वाटतंय ना? तिचं एकच उत्तर, "चालव." हेल्मेट तिने पहिल्या पाच मिनिटांतच परत केलं, त्याच्या वासाने मळमळतं म्हणून, आणि डोक्याला टॉवेल गुंडाळला. पनवेलला चहा नको म्हणाली. पेण मागे पडल्यावर खाडीचा वारा लागला आणि तिने माझा शर्ट दोन्ही मुठींत घट्ट धरला.

मावशी खाटेवर एवढीशी होऊन पडली होती. आईला बघून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. आई तिच्या पायांशी बसली. मग मावशीने न वळताच विचारलं, "उलटी झाली काय गो?"

"न्हाय झाली."

"मंग जेव."

आईचा चेहरा रस्त्याच्या धुळीने काळा झाला होता. जेवण होईपर्यंत मावशी तिच्याकडे बघत राहिली, आणि मग आपल्या पदराने तो पुसायला लागली. मला तिथे उभं राहवेना, मी अंगणात गेलो.

आई राहिली, मी एकटाच परतलो. मावशी नऊ दिवस जगली आणि ते नऊही दिवस आई तिच्या उशाशी होती. तेरावं झाल्यावर मी आईला आणायला गेलो. परतीच्या वाटेवर पनवेल ओलांडल्यावर ती पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "ही गारी आदी का न्हाय घेतलीस रं?"

टोचून बोलली नव्हती ती, खरंच विचारत होती. मी म्हटलं, "सापडली नाही गं."

या गाडीआधी नऊ वर्षं माझ्याकडे स्कूटर होती. ती रोज आमच्या दारातच उभी असायची, आणि आईला मागे बस म्हणावं असं माझ्या एकदाही मनात आलं नाही.