मोटार बंद

कुणी अंगठ्यानं मोबाईलवरची अ‍ॅप एकेक करून वर ढकलायला लागलं, की मला ताडकळसच्या आमच्या विहिरीतल्या शेवाळाचा वास येतो. सासऱ्यांना तीच सवय होती. "उगी बॅटरी खायलेत," म्हणत ते सगळी अ‍ॅप ढकलून द्यायचे, विहिरीच्या मोटारीचंसुद्धा. लाईट जाऊन परत आली, की ती मोटार आपोआप चालू व्हायची. त्या दुपारी पाण्यात बुडालेल्या मोटारीच्या वायरचा जोड सैल झाला होता. त्यांनी मोबाईलवरूनच मोटार बंद केली, 'मोटार बंद' असा निरोप आलेला बघितला आणि सवयीनं अ‍ॅप ढकललं. मग घरून चिकटपट्टी आणली, मोबाईल माझ्याकडं दिला आणि लोखंडी कड्यांवरून उतरायला लागले. पूर्वी फ्यूज काढल्याशिवाय कुणी विहिरीत उतरत नसे. पण फ्यूजचा डबा पार बांधाच्या टोकाला आणि मोबाईल हातात. खाली हिरवं पाणी गप्प होतं. त्यावर दोन बेडूक पोट वर करून तरंगत होते. "मामा, बेडूक मेलेत पान्यात." "उन्हानं मेले असतील. मोबाईल काय म्हनायलाय?" "बंदच म्हनायलाय." ते आणखी एक कडी उतरले. मला राहवेना, मी त्या निरोपावर बोट ठेवलं. अ‍ॅप उघडलं, गोल चकरी बराच वेळ फिरत राहिली, मग अक्षरं बदलली: 'लाईट परत आली. मोटार चालू.' मी ओरडले तेव्हा त्यांचा पाय पाण्यापासून वीतभर वर होता. अ‍ॅप ढकलल्यापासून नवा निरोप आलाच नव्हता, मी वाचला तो जुनाच होता. सासरे आजही मोटार मोबाईलवरूनच चालवतात. तो बंद म्हणाला, की मी आधी पाण्यावर बेडूक शोधते.