डावीकडे कललेला झुबका

समजा, तुमच्या तळहातावर सुपारीएवढा जांभळट गारेचा दगड ठेवलाय. आरपार दिसणारा, दोन्ही बाजूंनी घासून गुळगुळीत केलेला. आत सोनेरी केसांचा झुबका आहे, मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखा, एका बाजूला कललेला. तो दगड चांदीच्या चौकटीत असा बसवायचा, की झुबका उजवीकडे कललेला दिसावा. डावीकडे कलला तर घरातली लक्ष्मी त्याच दिशेने बाहेर पडते, असं विकणाऱ्यांचं म्हणणं. जमेल ना? कुणालाही जमेल. चिंचणीच्या बळवंतला मात्र जमलं नाही, आणि त्याचं कारण एवढंच, की तो आपल्या कामात फार तरबेज होता.

बळवंत डायमेकर. दागिन्यावर जी नक्षी उठते, तिचा पोलादी ठसा कोरणारा. ठशात सगळं उलटं असतं. उठावाच्या जागी खड्डा, डाव्याच्या जागी उजवं. जन्मभर उलटं कोरून त्याचं डोकंही तसंच वळायला लागलं होतं. "यांना कांदे आणायला धाडलं, तर घरातले विकून येतील," असं त्याची बायको मंदा म्हणायची. पण त्याच्या हातचा डाय सोनाराकडून कधी परत आला नव्हता. कॉम्प्युटरवाल्या मशीनने त्याची निम्मी कामं खाल्ली, तरी त्याचा हा अभिमान त्या मशीनला गिळता आला नव्हता.

दगड सुनेचे. रूपलने नोकरी सोडून बोईसरला दुकान टाकलं होतं. दुकान म्हटलेलं तिला खपत नसे. पाटीवर 'ऊर्जाकेंद्र' होतं. बढतीचा दगड वेगळा, लग्नाचा वेगळा, आणि आपल्याला नेमकं काय हवंय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी सगळ्यात महागडा. तोच हा सोनेरी केसांचा.

"बाबा, ते सोनंबिनं काही नाही," मुलगा ललित जेवताना म्हणाला. तो पोलादाच्या कारखान्यात लॅबमध्ये होता. "कॅकॉक्सेनाइट म्हणतात त्याला. लोखंडाचं फॉस्फेट. हे आलं की लोखंड बिघडतं, म्हणून ग्रीकमध्ये त्याचं नावच ठेवलं, वाईट पाहुणा."

"फॉस्फरसनं पोलाद तडकतं, तोच काय?"

"तोच. आणि गारेत दिसतं ते पुष्कळदा तेही नसतं. लोखंडाचं दुसरंच खनिज निघतं."

"म्हणजे पाहुणा वाईट, आन् जेवतोय दुसऱ्याच्याच नावावर!"

"पप्पा, हे गिऱ्हाइकासमोर बोलू नका हां," रूपल म्हणाली.

बळवंत भिंग लावून दगड फिरवत होता. "बोलत नाय. पण हे आत गेलं कसं? भोक तर कुठं दिसत नाय."

"आधी जेवा," मंदा म्हणाली.

पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरावलीचे शिवाजीराव. मूळचे साताऱ्याचे, कारखान्यात सुपरवायझर, मॅनेजरच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले. त्यांच्या सोसायटीतली अर्धी माणसं त्यांच्या गळ्यातलं पदक बघून ठरवणार होती, दगड घ्यायचा की नाही. "पप्पा, हा चुकला तर दुकान बंदच करावं लागेल," रूपलने बजावलं.

बळवंतने चौकटीचा डाय कोरला, चांदी ठोकली. शेवटी रूपलने दिलेल्या चित्रात उजवीकडे कललेला झुबका बघितला आणि सवयीने दगड पालथा करून बसवला. कडा दाबल्या, पॉलिश केलं. स्वतःवर खूश झाला.

काही दिवसांनी शिवाजीरावांचा फोटो रूपलच्या मोबाइलवर आला. हातात पेढ्यांचा पुडा, गळ्यात पदक. जुन्या मॅनेजरची बदली झाली होती. बळवंतने फोटो बघितला आणि भिंग लावून पुन्हा बघितला.

"उलटा बसलाय."

"कोण?" मंदाने विचारलं.

"मीच!"

रूपलचा चेहरा उतरला. पण तिने काही म्हणायच्या आत बळवंत स्कूटर काढून सरावलीला निघाला होता. हातचं काम परत आलं नाही ही गोष्ट वेगळी. चुकलेलं काम बाहेर फिरतंय ही वेगळी.

"साहेब, माझी चूक झाली. काढा ते. सुलटं करून देतो, पैसं नको."

शिवाजीरावांनी पदक मुठीत धरलं. "आवो काका, हात लावायचा न्हाय! उलट्यानं मला मॅनेजर केलंय. सुलटा केला अन् परत सुपरवायझर झालो तर?"

"पण चुकलंय ते."

"तुमचं चुकलं आसंल. माझं बराबर हाय."

जन्मात बळवंतच्या हातचं एक काम परत यायला हवं होतं, आणि तेच येईना.

पुढच्या आठवड्यात ऊर्जाकेंद्रात नवी पाटी लागली: 'डावा झुबका, खास बढतीसाठी'. उजवे दगड धूळ खात पडले. बळवंतची पंचाईत वेगळीच. आता डावीकडे बसव म्हटलं, की हात दगड उजवीकडे करून बसवी. रूपल एकेक तपासून परत पाठवू लागली. मशीनला जे जमलं नव्हतं, ते सुनेने केलं.

मग मुंबईहून दगड पुरवणारा अनुज माल घेऊन आला. पांढरा कुर्ता, मनगटावर मण्यांचे पाच-सहा पदर. रूपलने सासऱ्यांची ओळख करून दिली, 'आमचे डिझायनर'.

"काका, तुमच्या हातात युनिव्हर्सचा संकेत आहे," अनुज म्हणाला.

"हातात सवय हाय," बळवंत म्हणाला. "तो संकेत राहू द्या. तुमी रोज दगड विकता, मला एक सांगा. आधी केस होते आन् दगड त्यांच्याभोवती चढला, का आधी दगड होता आन् केस आत शिरले?"

"ही सगळी एनर्जी आहे, काका."

"असेल. ती आत शिरली कुठनं?"

अनुज हसला आणि रूपलकडे वळून नव्या मालाचं बोलू लागला. बळवंतने टेबलावरचा एक दगड उचलला. तो डावा की उजवा, हे त्याने बघितलंच नाही. भिंग डोळ्याला लावलं, उजेडाकडे तोंड केलं आणि पुन्हा कडेकडेने शोधू लागला.

"भोक नाय, सांधा नाय, ठोक्याची खूण नाय. मग केलं कसं असेल हे?"