साठीपुढची माणसं हलत नाहीत

राहत्या इमारतीत तिला सगळे ज्योतिषीणबाई म्हणत. नियोजन कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर तिचं टेबल होतं. अजून तीस-चाळीस वर्षांनी शहरात माणसं किती असतील, कुठे राहतील, कुठली जमीन कशासाठी लागेल, याचा अंदाज बांधणं हे तिचं काम. जन्म, मृत्यू, येणारे, जाणारे, वाढता उन्हाळा, चढतं पाणी, सगळं संगणकात भरायचं आणि रंगीत नकाशा काढायचा. शेजारीण जिन्यात गाठून म्हणायची, "माझ्या धाकटीचं लग्न कधी जमेल ते बघ की!"

"मावशी, माझ्याकडे घाऊक मालच मिळतो. किरकोळ नाही."

त्या वर्षीचा नकाशा हातात आला आणि तिची झोप उडाली. खाडीलगतची खालची आळी हिरवी आली होती. हिरवी म्हणजे तिथे घरं नकोत. भरतीच्या पाण्याला पसरायला जागा हवी. आणि त्या आळीत, काठापासून दुसऱ्या घरात, तिचे बाबा एकटे राहत होते.

बाबा निवृत्त बस ड्रायव्हर. मोठ्या भरतीला पाणी उंबरा ओलांडून आत यायचं. मग ते पलंगाच्या पायांखाली विटा सारायचे, गादी कपाटावर चढवायचे आणि पाणी ओसरलं की जुन्या टायरच्या तुकड्याने चिखल ओढून काढत बसायचे. कधी कुरकुर नाही.

हिशेबाने घोर आणखी वाढवला. कार्यालयात वर्षानुवर्षं एक गृहीत धरलेलं होतं: साठीपुढची माणसं घर सोडत नाहीत. त्यामुळे संगणक सांगत होता, तरुण निघून जातील आणि म्हातारी माणसं पाण्यात राहतील. तिला काही ते खोटं वाटेना. डोळ्यांसमोर बाबाच होते. त्यांना सांगायचं कसं? दर रविवारी ती ठरवून जायची आणि चहा पिऊन परत यायची.

शेवटी जनसुनावणीचा दिवस उजाडला. शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. पडद्यावर नकाशा, हातात माईक, आणि तिसऱ्या रांगेत बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून. कसंबसं तिने सगळं सांगितलं: आळी रिकामी करायची, बदल्यात वरच्या टेकाडावर जागा मिळणार. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे आम्हाला हाकलणार!"

बाबा उभे राहिले. "मॅडम, काठापासून दुसरं घर हिरव्यातच ना?"

"हो, बाबा." माईक चालू होता. सभागृह हसलं.

"मग वरच्या टेकाडावर ज्या जागा देणार, त्यात नाव लावायला कुठल्या खिडकीवर यायचं?"

तिने माईक खाली घेतला. तेवढ्यात आळीतल्या शिवणवाल्या काकू उठल्या. "माझंही लावा. पण दवाखाना जवळ हवा. आणि शेजार हाच हवा, नवे शेजारी शिकवायला मला आता वेळ नाही."

सभा संपल्यावर तिने बाबांना व्हरांड्यात गाठलं. "तुम्हाला जायचंय? मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुझी आई गेली तेव्हा तूच म्हणालीस ना, बाबा, हे घर सोडू नका, आई इथंच आहे असं वाटतं म्हणून. म्हटलं, पोरीचा जीव अडकलाय. काढू चिखल."

"अहो, मी तेव्हा रडत होते! रडताना माणूस काहीही बोलतं."

"मला काय माहीत? मी ड्रायव्हर माणूस. बेल वाजल्याशिवाय थांबत नाही."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी रुमाल पुढे केला. कितीतरी महिन्यांनी तिचा जीव भांड्यात पडला होता.

मग ती आळीत घरोघर हिंडली. सगळेच काही तयार नव्हते. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "मी इथंच मरणार," आणि दार लावून घेतलं. पण बहुतेकांचं म्हणणं काकूंसारखंच होतं: एकत्र न्या, दवाखान्याजवळ न्या, आम्ही निघालोच. तिने ते जुनं गृहीतक काढून टाकलं आणि हिशेब नव्याने मांडला. पाण्यात अडकणाऱ्यांचा आकडा एकदम खाली आला.

साहेबांनी चष्मा वर केला. "चुकलंय का काही?"

"चुकलं होतं, साहेब. विचारलंच नव्हतं कुणाला."

साहेबांनी तो नकाशा पुढे पाठवला.

टेकाडावरची घरं तयार झाल्यावर बाबा आणि काकू एकाच मजल्यावर राहायला गेले. पहिली मोठी भरती रात्री आली, आणि सकाळी तिने सवयीने फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. चपला अडकवून ती तशीच धावत सुटली आणि टेकाड चढून दार बडवलं.

डोळे चोळत बाबांनी दार उघडलं. "काय गं, आग लागली का?"

"फोन का नाही उचललात?"

"झोपलो होतो," बाबा म्हणाले. "भरतीच्या रात्री झोपता येतं, हे मी विसरूनच गेलो होतो."