भिकूनानांचा डेल्को

ऑफिसातल्या फायली मुदत संपली की नष्ट करता येतात. किस्स्यांना तशी मुदत नसते, ते साठतच जातात. आमच्या दूध संघात मी कारकून होतो. तिथल्या फायली वाळवीने केव्हाच खाल्ल्या, पण ट्रकचे किस्से अजून शाबूत आहेत. वाळवीलाही पचले नसावेत!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. न्हावऱ्याकडचं दूध दौंड स्टेशनला पोहोचवायला संघाकडे लष्कराच्या लिलावातला एक पेट्रोल ट्रक होता. ड्रायव्हर भिकूनाना. हा ट्रक भंगारात काढून डिझेलची गाडी घ्यायची आणि तिच्यावर आपल्या भाच्याला बसवायचं, असा चेअरमन आबासाहेबांचा बेत होता. म्हणजे ट्रक गेला की नानांची नोकरीही गेली. आणि ट्रकला तर बंद पडायची भारी हौस!

*

सगळ्या दुखण्याचं मूळ म्हणजे डेल्को. आत फिरणाऱ्या काट्याने प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटून देणारा इंजिनावरचा डबा. तो केसभर इकडे फिरवला की ठिणगी लवकर पडते, तिकडे फिरवला की उशिरा. शिरूरचे बाबू मिस्त्री इंजिन चालू ठेवून, डोळे मिटून, तंबोरा जुळवावा तसं हे टायमिंग जुळवत.

एकदा पेंड आणायला आम्ही यवतला गेलो. धाब्यावर एक ट्रकवाला म्हणाला, "नाना, डेल्को जरा फुडं घ्या." दुसरा म्हणाला, "छ्या! मागं घ्या." नाना भिडस्त. त्यांनी दोघांचंही ऐकलं. तिसऱ्याने तर न विचारताच हात घातला. शेवटी ट्रक दुसऱ्या गाडीला बांधून शिरूरला आणावा लागला.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. "नाना, किती जणांनी हात लावला ह्याला?"

"समद्यांनीच. कुणाला न्हाई म्हणायचं?"

"आन् गाडी?"

"ती म्हणली की न्हाई!"

*

ठिणगी उशिरा पडू लागली की ट्रक सायलेन्सरमधून बार काढायचा. संघाच्या एका सभासदाने मुलीच्या लग्नाचं वऱ्हाड न्यायला ट्रक मागून घेतला. नवरदेवाच्या गावच्या वेशीत शिरताच सायलेन्सरने एक दणदणीत बार काढला. वरपक्षाला वाटलं, मुलीकडच्यांनी ॲटमबॉम्ब लावला. त्यांनीही ईर्षेने एक उडवला.

मुलीच्या बापाने फटाके आणलेच नव्हते. त्याने केबिनमध्ये डोकं घातलं. "नाना, व्याही बगत्यात. आजून एक हू द्या!"

नानांनी चालत्या गाडीत स्विच बंद करून पुन्हा चालू केला. धाम्! अशी सलामी देत वऱ्हाड मांडवात पोचलं आणि सायलेन्सर फाटला. मागाहून वरपक्षाची तक्रार आली, "लग्न साध्या पद्धतीनं ठरलं होतं. पोरीकडच्यांनी लई उधळपट्टी केली!"

*

नाना आता थकले, हे सिद्ध करायला एका सकाळी आबासाहेबांचा भाचा स्वतः इंजिन चालू करायचं हँडल मारायला उतरला. पांढरा पायजमा, दंडावर ताईत. ठिणगी फार लवकर पडत असली की हँडल उलटं झटका देतं. त्या झटक्याने भाचा उडाला तो थेट कॅन धुण्याच्या हौदात!

नानांनीच त्याला हात देऊन वर काढलं. "लागलं न्हाई न्हवं? नवीन माणसाला लाजती ती."

आदल्या संध्याकाळी नाना पाना घेऊन बॉनेटमध्ये वाकलेले मी पाहिले होते. पण मला कुणी विचारलं नाही.

*

आबासाहेबांनी मग निर्वाणीचं सांगितलं, "खंडेनवमीला ट्रक बंद पडला, तर दसऱ्याला भंगारात!" त्या सकाळी ते दौंडच्या भंगारवाल्याला सोबत घेऊनच आले.

नानांनी पूजेसाठी ट्रक चकचकीत केला होता. इतका, की डेल्कोसुद्धा उपसून चिंचेने घासून परत बसवला होता. हार घातला, नारळ फोडला, हँडल मारलं. कार्बोरेटरने भडका टाकला, हारातले झेंडू उडाले आणि ट्रक गप्प. दूध भरलेलं, दौंडच्या रेल्वेची वेळ होत आलेली. भंगारवाला टायर चाचपू लागला.

बाबू मिस्त्री पूजेच्या प्रसादाला आले होते. त्यांनी नानांना बाजूला घेतलं. मी जवळच होतो.

"डेल्को काढला तवा आतल्या काट्याचं तोंड कुठं हुतं?"

"मारुतीच्या देवळाकडं. ध्यानात ठिवलं हुतं मी."

"आन् बसवला तवा?"

"तवाबी मारुतीकडंच! देवाशपथ."

मिस्त्रींनी देवळाकडे पाहिलं, मग ट्रककडे. "मधी गाडी हलवली हुती?"

"व्हय. पूजेला पूर्वेकडं तोंड नको का? ढकलून वळवली."

मिस्त्री हळूच म्हणाले, "आवं, काटा इंजिनाला धरून बसवायचा, देवळाला धरून न्हाई!"

"काय झालंय रे?" आबासाहेब ओरडले.

नाना घाबरून खरं तेच बोलून गेले. "आबासाहेब, गाडीचं तोंड बदाललं. पयलं मारुतीकडं हुतं."

"मग वळवा की पुन्ना! बगताय काय? लावा हात!"

सगळे सभासद, भाचा आणि भंगारवालासुद्धा मागून ट्रक ढकलू लागले. मिस्त्री बंपरवर उभे राहिले. उघड्या बॉनेटच्या आड त्यांनी डेल्को उपसला, काटा अर्धा फेरा फिरवला आणि डेल्को बसवून टाकला. ट्रकचं तोंड मारुतीकडे झालं. नानांनी हात जोडले, हँडल मारलं आणि ट्रक पहिल्याच झटक्यात चालू झाला. दूध दौंडला निघालं.

आबासाहेबांनी घाम पुसत भाच्याकडे पाहिलं. "बगितलंस? तुला कळलं असतं का हे?"

भाचा म्हणाला, "न्हाई, मामा. आन् डिझेलची गाडी आली, तर तिचं तोंड कुठं ठिवायचं ते आधी नानांना इचारून घ्या."