खर्ऱ्याची सुटी

बाबा खर्रा खात नव्हते. कारखान्याच्या कागदावर मात्र ते आयुष्यभर खात होते.

चंद्रपूरजवळच्या त्या कारखान्यात कापडाच्या रंगाची भुकटी बनते. बाबा ती पिंपांत भरायचे. शेडमधला पंखा मोठे साहेब येणार असले की चालायचा. पाण्याची टाकी आतच, त्यामुळे प्यायला बाहेर जायचं कारण नव्हतं. थुंकायला मात्र जाऊ द्यायचे, कारण थुंकी भुकटीत पडली तर माल बाद. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याला दर तासाला पाच मिनिटं. म्हणून बाबांनी गालात सुपारीचं खांड धरायला सुरुवात केली.

"खोटा खर्रेबाज!" आई चिडवायची.

"हवा खाऊन येतो. तेवढीच फुकट भेटते," ते म्हणायचे.

मीही हसायचे. मी वाचनालयात नोकरी करते. बाबांचा टॉवेल तीनदा खळबळला तरी बादलीतलं पाणी पिवळंच राहायचं, आणि त्याविषयी काही वाचून बघावं, हे मला सुचलं नाही.

वार्षिक तपासणीत कारखान्याच्या डॉक्टरने विचारलं, तंबाखू? शेजारी सुपरवायझर उभा होता. बाबांनी हो सांगितलं. नाही म्हटलं असतं तर बाहेरची पाच मिनिटं गेली असती.

मग लघवीतून रक्त जायला लागलं. मूत्राशयाचा कर्करोग. नागपूरच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, काम कोणतं करता? उत्तर ऐकून तंबाखूचं त्यांनी विचारलंच नाही.

बाबा गेल्यावर पाचव्या दिवशी कारखान्याचा अधिकारी घरी आला. बूट बाहेर काढले, बुद्धाच्या फोटोला हात जोडले आणि फाइल उघडली. आईची सही हवी होती. सही झाली की माझ्या धाकट्या भावाला बाबांच्या जागी लावणार होते. आईला चष्मा सापडेना, म्हणून फॉर्म मी वाचला. आजाराचं कारण: तंबाखूसेवन.

"ते खर्रा खात नव्हते," मी म्हटलं.

"ताई, त्यांनीच सांगितलंय. हे तपासणीचं कार्ड बघा."

"तुमी एक दिवस त्या शेडात उभे राहा साहेब," आई म्हणाली, "तुमी बी खर्रा धरसान."

बाबांच्या शेजारच्या पिंपावर काम करणारे काका दाराशी बसले होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही सांगा ना यांना."

काकांनी चटईची काडी उपटली. "त्याच्या गालात काहीतरी रायचं. काय, ते मी कधी इचारलं नाई."

बाबांच्या डब्यातली भाजी रोज खाणारा माणूस!

मी 'तंबाखूसेवन' खोडलं आणि वर 'रंगाची भुकटी' लिहिलं. अधिकारी रागावला नाही. पिशवीतून त्याने दुसरा कोरा फॉर्म काढला आणि माझ्यासमोरच, सावकाश, सुंदर अक्षरात भरला.

"काऊन अडवून राह्यली बाई?" भाऊ मला म्हणाला. "बाबा वापस येनार हाय का? मले काम पाह्यजे."

"तेच काम?"

"मंग दुसरं कोन देते? तू देते?"

आईने पेन मागितलं. भावाकडे एकदा पाहिलं, आणि चष्म्याशिवायच, बोट दाखवलं तिथे सही केली.

"उपकार झाले, आई," अधिकारी म्हणाला.

"आई म्हणू नका तिला," मी म्हटलं. त्या दिवसातलं माझं एवढंच वाक्य मला आजही पटतं.