निंबानानांची पहिली पट्टी

अडुसष्ट सालची गोष्ट. दसऱ्याची सुट्टी संपून माग कालच सुरू झाले होते. धुळ्याचं आश्विनातलं ऊन सकाळी आठलाच शेडचे पत्रे तापवायला लागायचं. निंबानाना तेलाची बुधली घेऊन एकेका मागात थेंब सोडत चालले होते. सहाव्या मागापाशी थांबले. साडीच्या काठावरच्या फुलाला पाच पाकळ्या हव्यात; चारच होत्या.

या एकाच मागाला डॉबी होती. डॉबी म्हणजे मागाच्या डोक्यावरची पेटी. तिच्यात लाकडी पट्ट्यांची माळ फिरते, पट्टीतल्या खुंट्या सांगतील तेवढेच दोरे वर उठतात आणि काठावर फूल उमटतं.

रिखबचंद शेठ आले, काठ पाहिला. "नाना, नमुना दुपारच्या मोटारीनं दोंडाईच्याला जायचाय. तुटकं फूल व्यापारी घ्यायचा नाही. मग ही पेटी उतरवा, इथंही धोतरं लावा."

अकरा वर्षं धोतरं विणून नाना डॉबीपर्यंत आले होते.

नानांची रीत एकच, सुरुवातीपासून बघायचं. घरी तंबाखूची चंची सापडेना, की ते दारापासून शोधायला लागत. ती त्यांच्याच कमरेला आहे हे बायको वच्छलाबाई सांगेपर्यंत माजघरात पोचलेले असत. तसेच आता पट्ट्या तपासायला बसले. चाळीस पट्ट्या. मध्येच कुणी रामराम घातला, की पुन्हा पहिली पट्टी. त्या सकाळी तिघांनी रामराम घातला.

नवा फिटर सुकदेव कंटाळला. "नाना, असं तं दिवाळी ई जाई. बठ्ठ्या खुंट्या काढी टाकूत, नक्षीना कागद देखीसन नव्या बसाडूत."

"तुना हातमा घर दिधं तं पाया खंदी काढशी तू," नाना म्हणाले. पण घड्याळाकडे बघून बाजूला सरकले.

खुंट्या निघाल्या, नव्या बसल्या, माग धडधडला. चार पाकळ्या. सुकदेवनं कागद उलटा धरूनही पाहिला.

बाजूला कुंदाबाई सुताच्या कांड्या भरत होती. तिनं विचारलं, "नाना, फूल कव्हयपासून तुटनं?"

"तुटेल शे ना? मंग कव्हयपासून कसाले पाहिजे?"

"दूध नासनं तं मी चूल नही खोलस. कोना हात लागना ते इचारस."

ती उठली आणि विणलेल्या कापडाची गुंडाळी उलगडायला लागली. चार पाकळ्या, चार, चार. मग काठावर कुंकवाचं एक बोट. त्याच्या आधी विणलेली सगळी फुलं पाच पाकळ्यांची.

"खंडेनवमीले या मागनी पूजा कोनी करी?"

सगळी शेड नानांकडे पाहायला लागली. नाना पेटीकडे. बाकीच्या मागांना त्यांनी फूल वाहिलं होतं. या लाडक्याला पूजेचा लाल नाडाही बांधला होता. पेटीमागे, तेलानं काळ्या पडलेल्या त्याच नाड्यानं दोरे उचलणारी एक दांडी कडीला करकचून आवळलेली. ती उठणार कशी?

"मी बांधा," नाना म्हणाले.

"भक्ती घट्ट शे नानांनी," सुकदेव म्हणाला आणि नाडा कापायला पातं पुढे केलं.

नानांनी ते घेतलं नाही. तीन गाठी होत्या, बोटांनी सोडवल्या, पहिली आधी.

माग सुरू झाला. पाच पाकळ्या. नमुना गाडीत बसला. शेठ पेटीविषयी पुन्हा बोलले नाहीत.

नानांनी बुधली उचलली. सकाळी पाच माग झाले होते, तेल सहाव्याला द्यायचं राहिलं होतं. ते क्षणभर थबकले आणि पहिल्या मागाकडे निघाले.