एका पॉइंटातले पस्तीस लाख अँगस्ट्रॉम

पुंडलिकराव साबळे सर पहिल्यांदा माझ्या दुकानात आले, ते नमस्काराआधी प्रश्न घेऊनच. "ताई, तुमच्या कॉम्प्युटरवर दहाचा घात नीट वर चढते काय?" आधीच्या छापखान्यात म्हणे दहाचा दहावा घात चक्क एक हजार दहा होऊन आला होता. मी आदिलाबादेत लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं जुळवणारी, दहावी शिकलेली बाई. घात म्हणजे काय ते साफ विसरले होते. पण आलेलं गिऱ्हाईक परत कसं पाठवायचं, म्हणून "चढते जी" म्हणून टाकलं.

सर तेव्हा सरकारी मराठी शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. तिथं त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. दहावीनंतर आपल्या मुलांना विज्ञान इंग्रजीतून शिकावं लागतं आणि चांगली हुशार मुलं बुजून मागं बसतात. त्यांच्यासाठी सर आजही दर रविवारी घरच्या ओसरीत वर्ग घेतात, एक पैसा न घेता. माझ्याकडे आणलेली पुस्तिका त्याच वर्गाची होती.

सरांचे वडील भैंशाच्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत. त्यामुळे अक्षरांची उंची मोजायचं पॉइंट हे माप सरांना लहानपणापासून पाठ. अणू मोजायचं माप अँगस्ट्रॉम. सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातला एक. हे मुलांच्या डोक्यात कसं शिरावं? सर छापील पानावरच्या अनुस्वारावर बोट ठेवत आणि सांगत, "हा ठिपका एका पॉइंटाचा धरा. याच्यावर हायड्रोजनचे पस्तीस लाख अणू एका रांगेत बसतात." मुलं मग त्या ठिपक्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत. मीही बघू लागले.

पुस्तिकेत पॉइंटांचे अँगस्ट्रॉम करायचं मोठं कोष्टक होतं. सरांनी एका पॉइंटाला ३५,१४,५९८ अँगस्ट्रॉम धरले होते. जुळवताना मला सहज वाटलं म्हणून करून पाहिलं. आमच्या कॉम्प्युटरचा पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, त्याचे आले ३५,२७,७७८. मग उमगलं, सरांचा पॉइंट जुन्या शिशाच्या खिळ्यांचा होता आणि तो किंचित लहान असतो. पण सरांचा आकडा मी खोडायचा? मी गप्प बसले. तीनशे प्रती छापून, बांधून गेल्या.

पुस्तिकेच्या एका पानाच्या कडेला मी ७२० पॉइंटांची उभी रेघ काढली होती. ती मोजून अँगस्ट्रॉममध्ये लिहा, असा प्रश्न होता. तलमडुगू गावाहून येणाऱ्या वैशाली नावाच्या मुलीनं पट्टीनं मोजून २५४ कोटी लिहिलं. कोष्टकाप्रमाणे २५३ कोटींच्या आसपास यायला हवं होतं. सरांनी लाल फुली मारली आणि वर "पट्टी सरळ धरत जा" असं सगळ्यांदेखत सुनावलं.

त्यानंतर दोन रविवार ती आली नाही. सर दुकानात येऊन म्हणाले, "तलमडुगूची पोरगी येऊन नाही राह्यली. काऊन, काही समजत नाही."

 या वेळी मी बोलले, "सर, तिचं बरोबर हाये. तुमचं कोष्टक जुन्या खिळ्यांचं हाये. मला छापायच्या आधीच दिसलं होतं."

सरांनी कागद ओढून दोनदा भागाकार केला. "मंग तवाच काऊन नाही सांगतलं?"

"तुमी सर हाये ना जी."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त तलमडुगूची सकाळची बस किती वाजता ते विचारलं, आणि मला रागावण्यापेक्षा ते जड गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही दोघं तलमडुगूला गेलो. वैशालीचे वडील अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होते. सर बसलेसुद्धा नाहीत. वडिलांसमोर उभ्या उभ्या म्हणाले, "बाई, तुझी पट्टी सरळच होती. कोष्टक माझं चुकलं."

वैशाली म्हणाली, "मी तीनदा मोजलं होतं, सर."

"मी एकदाबी नाही मोजलं," सर म्हणाले.

पुढच्या रविवारी ती आली. तीनशे प्रतींवर दुरुस्तीच्या पट्ट्या सरांनी आणि मी हातानं चिकटवल्या. 'ही चूक वैशालीने दाखवली' असं त्यावर सरांनी मुद्दाम छापायला लावलं. आज ती भैंशाला दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते.

सरांचे उपकार सांगायचे तर पान पुरणार नाही. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तीन आठवडे त्यांनी दुकान सांभाळलं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाला "पत्रिकेत इतकी नावं कायले?" म्हणून पाच काके-मामे कमी करायला लावले. त्या काका-मामांचे रुसवे मी अजून काढतेय. पण परतल्यावर प्रत्येक ऑर्डर सुंदर अक्षरात लिहिलेली सापडली, तेव्हा मला रडू आलं होतं.

सरांच्या या गौरवग्रंथाच्या समितीनं मला सुचवलं होतं, की कोष्टकातल्या चुकीची गोष्ट नको, शोभणार नाही. मी सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "तेच पह्यले लिहा."

सरांना पंचाहत्तरावं लागलं आहे. त्यांचे गुडघे दुखायचे थांबोत, नजर अशीच बारीक राहो, आणि शंभरीपर्यंत त्यांची ओसरी दर रविवारी भरलेली असो. तिथं बसणाऱ्या कोणत्याही लेकराला "सर, हे चुकलं" म्हणायची भीती वाटू नये. मला आता वाटत नाही.